माप कागदाचं की जोडीदाराचं?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. जगातल्या कुठल्याही अडचणीवरचा इलाज त्या सोळांपैकी एखाद्या रस्त्यावरच्या दुकानात सापडतोच, असं माझ्या मामांचं ठाम मत आहे. मामा चाळीस वर्षं टर्नर होते. आधी दुसऱ्याच्या वर्कशॉपात, मग पत्र्याच्या स्वतःच्या शेडमध्ये. डाळ मिलचे रोलर, पंपाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना, गुऱ्हाळाचे शाफ्ट; जे मोडायचं ते त्यांच्याकडे यायचं. उजव्या तर्जनीचं टोक त्या चाळीस वर्षांतच कुठंतरी राहून गेलं.

मी नांदेडचा. विष्णुपुरीला मेकॅनिकल शिकलो आणि आता संगणकावर ड्रॉइंग काढतो. ज्या वस्तूंची ड्रॉइंगं काढतो त्या कधी हातात येत नाहीत. हे खुपायला लागलं तेव्हा घरी जिन्याखाली एक लहानसा लेथ बसवला आणि त्यावर मुठीत मावेल असं पितळी इंजिन करायला घेतलं. बोअर १० मि.मी., स्ट्रोक २०. सगळे भाग मापात आले आणि इंजिन काही चाललं नाही. एका शनिवारी ते लाडवाच्या डब्यात घालून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर गाठलं. त्या दुपारी मामांच्या ओसरीवर जे बोलणं झालं, ते आठवतं तसं लिहितो आहे.

मामा : काय आणूलालास डब्यात? लाडू असतील तर वजन लै आहे.

मी : इंजिन आहे मामा. पितळेचं. चालत नाही.

मामा : चाललं असतं तर कुठं जाणार होतं?

मी : कुठंच नाही. जागच्या जागी फिरलं तरी पुरे.

मामा : किती दिवस घातलेस याच्यात?

मी : सात रविवार.

मामा : सात रविवारांत मी सात शेतकऱ्यांचे पंप चालू करून दिले असते. आठ-आठ तास लेथपाशी उभं राहून माझ्या पोटऱ्यांच्या शिरा सुजल्या. ते काम तू हौस म्हणून करतोस, आणि वर पदरचे पैसे घालतोस. मला हे उमगतच नाही बघ. पोटासाठी केलेल्या कामाची कुणी हौस करतं का?

मी : पोळ्याला तुम्ही मातीचे बैल आणता की नाही?

मामा : त्याचा इथं काय संबंध?

मी : मातीच्या बैलानं कुणी नांगरत नाही. तरी वर्षभर खऱ्या बैलामागं चालणारा माणूस त्या दिवशी मातीची जोडी पाटावर ठेवतोच. हे इंजिनही तसंच समजा.

मामांनी उत्तर दिलं नाही. डबा उघडला. चष्मा कपाळावरून नाकावर आला, म्हणजे वाद संपून तपासणी सुरू झाली.

त्यांच्या हातात होतं ते डोलत्या सिलिंडरचं इंजिन. वाफेच्या इंजिनाचा हा सर्वांत साधा प्रकार. यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. उभ्या प्लेटला सिलिंडरची सपाट बाजू टेकलेली असते आणि मधल्या पिनेवर सिलिंडर पाळण्यासारखा डोलतो. प्लेटला दोन भोकं असतात, एक हवा किंवा वाफ आत घेणारं, दुसरं बाहेर सोडणारं. सिलिंडरला एकच. सिलिंडर एका बाजूला कलला की त्याचं भोक आत घेणाऱ्या भोकासमोर येतं, दुसरीकडे कलला की सोडणाऱ्यासमोर, आणि सरळ उभा असला की दोन्हींच्या मध्ये, म्हणजे बंद. पिनेमागची स्प्रिंग दोन चेहरे एकमेकांवर दाबून धरते. सगळा खेळ त्या दोन चेहऱ्यांच्या मिठीवर चालतो.

मामा : पितळ कुठलं? मोडीतलं?

मी : नाही, दांडा विकत आणला. आयएस ३१९ चा. साधारण ५८ टक्के तांबं, तीनेक टक्के शिसं, बाकी जस्त.

मामा : आकडे राहू दे. कीस कसा पडला?

मी : भुगा. सुयांसारखा उडत होता.

मामा : मग शिशाचंच आहे, कातकामाचं. घागरीच्या पितळेचा कीस लांब दोरीसारखा निघतो, टूलला गुंडाळतो. घागर ठोकायची असते, तिला शिसं चालत नाही. दांडा कातायचा असतो, त्याला शिसं लागतं. आणि काम झालं की हात साबणानं धुवूनच भाकरीला बसत जा. ड्रिलची धार मोडली होतीस?

मी : हो. ऑइलस्टोननं दोन्ही ओठ जरा सपाट केले. पहिल्यांदा नव्हते केले, तर भोक आरपार होताना ड्रिलनं असा हिसका दिला की जॉब हातातून गेला.

मामा : पितळ ड्रिलला ओढून घेतं. ते पुस्तकात वाचून कळत नाही, एकदा हिसका बसावा लागतो. बरं, बोअर आणि पिस्टन कशाच्या हिशोबानं केलास?

मी : एच-सात, जी-सहा. बोअर दहाच्या वर जास्तीत जास्त १५ मायक्रॉन, पिस्टन दहाच्या खाली ५ ते १४ मायक्रॉन. माझा पिस्टन ९.९९३ आला. ड्रॉइंगप्रमाणे अगदी बरोबर.

मामा : ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. मग ड्रॉइंगलाच सांग ना फिरायला.

त्यांनी सिलिंडरचं भोक अंगठ्यानं बंद केलं, पिस्टन थोडा ओढून सोडला. तो अर्ध्यावर जाऊन अडकला. मग आतून डबी आणली, निळ्या रंगाचा पुसटसा हात प्लेटवर फिरवला, सिलिंडर वर ठेवून दोनदा डोलवला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. निळा डाग फक्त पिनेच्या भोकाभोवती होता, बांगडीसारखा गोल. बाकी सगळा चेहरा कोरडा.

मामा : बघ. टॅप मारताना भोकाच्या काठाला उठाव आलाय. त्या उठावावर सगळा सिलिंडर बसलाय. बाकी चेहरा टेकतच नाही, हवा तिथून निघून जाते. पिस्टन मापात असून काय करायचं?

मी : पण मी जाडी मोजली होती. दोन्ही टोकांना सारखी.

मामा : टोकांना मोजलीस. मायक्रोमीटर जिथं लावशील तिथलंच सांगतो. रंग सगळीकडचं सांगतो. म्हणून म्हणतो, माप कागदाचं नसतं रे, माप जोडीदाराचं असतं. हा कुणाला टेकणार, कुणात शिरणार, त्याला विचारून कातायचं.

मी : इथंच माझं पटत नाही मामा. उठाव काढायचा राहिला ही माझी चूक, मापाची नव्हे. जोडीदाराला विचारून कातलेली वस्तू त्याच जोडीदाराला चालते. उद्या पिस्टन झिजला, तर नवा कुणाच्या मापानं करायचा? आकडा असला की नांदेडला केलेला भाग लातूरला बसतो. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली दोन माणसं एक वस्तू करू शकतात.

मामा : आणि माझ्याकडं जे चाळीस वर्षं येत होतं, ते? हंगामात रात्री दोनला पंपाचा शाफ्ट घेऊन माणूस यायचा. बुश गेलाय, ऊस वाळतोय. शाफ्ट कंपनीतनं निघाला तेव्हा पंचवीसचा होता, आता एका बाजूनं चोवीस पॉइंट सहा, मध्ये पोट आलेलं. तुझ्या आकड्याप्रमाणे पंचवीसचा बुश करून दिला असता तर सकाळपर्यंत पंपानं खडखड करून त्याचा बोजवारा उडवला असता. मी शाफ्टला विचारूनच बुश केला. अख्खा मराठवाडा झिजलेल्या शाफ्टांवर चाललाय. तुझं ड्रॉइंग नवीन वस्तूचं असतं, काम मात्र झिजलेल्या वस्तूचं येतं.

मी : खरंय. पण ते दुरुस्तीचं झालं. मी बांधायचं बोलतोय. तुमच्याच लातूरचं उदाहरण घ्या. बार्शी लाईट रेल्वे.

मामा : तिचं काय? लहानपणी तिच्याच धुरानं शर्ट काळे केलेत.

मी : १८९७ ला ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ ला लातूरला आली. अडीच फुटी रूळ. ती आखणारा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यानं एकच नियम धरला. इंजिन असो की मालाचा डबा, कुठल्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. त्या एका आकड्यामुळं रूळ हलके चालले आणि खर्च कमी झाला. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात तयार झाली आणि बोटीनं इकडं आली. तिथल्या कारागिरानं बार्शी कुठं पाहिली होती? आकडा पाहिला होता.

मामा : लीड्सवाल्यानं आकडा पाहिला, बरोबर. पण तेच इंजिन वीस वर्षं पळाल्यावर कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात यायचं, तेव्हा त्याच्या बेअरिंगचं लीड्सचं माप कुठं उरलेलं असायचं? तिथला फिटर काय करत असेल? रंग लावायचा, बसवायचा, काढायचा, खरवडायचा, पुन्हा बसवायचा. ती गाडी लीड्सच्या आकड्यावर एकदा आली. पण सरकारनं घेतल्यावरही इतकी वर्षं चालली ती कुर्डुवाडीच्या बोटांवर.

मला पटकन उत्तर सुचलं नाही. १९५४ ला ती सरकारी झाली आणि २००७-०८ च्या सुमारास तिच्या जागी ब्रॉडगेज आली, म्हणजे मामांचा मुद्दा जवळपास शतकभर लांब होता. मग मला लातूरजवळचं हरंगुळ आठवलं.

मी : आणि आता हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना झालाय, तो? २०१८ ला पायाभरणी झाली, २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर आला. तिथं एकेक डबा एकमेकांना विचारून बांधला तर गाडी कधी जोडायची?

मामा : तिथं तुझं चालतं. हजार डबे करायचे असतील तर आकडाच पाहिजे. मी कुठं नाही म्हणतो? पण तू हजार इंजिनं करणार आहेस का? एकच आहे ना तुझं? मग एकाला हजाराचा कायदा कामून लावतोस?

मी : कारण आकडा नसता तर इंजिन मुळात जन्मलंच नसतं. जेम्स वॅटचं डोकं चाललं होतं, पण सिलिंडर गोल मिळत नव्हता. वाफ कडेनं निसटायची. मग जॉन विल्किन्सननं १७७४ ला बोअरिंगचं नवं यंत्र काढलं, आणि वॅटच्या भागीदारानं लिहून ठेवलं की त्याच्या पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा चूक नाही.

मामा : कशाच्या जाडीएवढी?

मी : शिलिंग. त्यांचं नाणं.

मामा इतके हसले की मामी आतून बाहेर आल्या.

मामा : ऐकलंस का? जगातलं पहिलं धड इंजिन, आणि माप कशानं सांगितलं? खिशातल्या झिजलेल्या नाण्यानं! आणि तू मायक्रॉनसाठी रडतोस. तो वॅट माझ्यासारखाच होता म्हण की.

मामी : तुमचं मोजमाप चालू द्या. पण भाच्याच्या चपलांत पितळेच्या सुया आहेत. आत्ताच माझ्या पायात एक गेली. आता तेवढं झाडून काढा कुणीतरी.

झाडू मी मारला. तोवर मामांनी कामाला सुरुवात केली होती. खिडकीच्या काचेचा एक जाड तुकडा पाटावर ठेवला, वर सहाशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवला. पिनेच्या भोकाचा काठ हातानंच काउंटरसिंकनं जरा मोडला, म्हणजे उठाव गेला. मग सिलिंडरचा चेहरा पेपरवर इंग्रजी आठासारखा फिरवायला सुरुवात केली, पाव फेरी झाली की हातातला भाग पाव वळवायचा, म्हणजे बोटांचा दाब एकाच कडेवर जात नाही. सहाशेनंतर हजार. पुन्हा रंग. आता निळं सगळ्या चेहऱ्यावर उमटलं, पण एका कोपऱ्यात फिकट.

मामा : पीन किंचित तिरपी आहे. टॅप सरळ गेला नाही.

मी : मग नवा सिलिंडर करावा लागणार. अजून दोन रविवार.

मामा : कशाला? प्लेटचं भोक मागच्या बाजूनं जरा मोकळं करायचं. पुढच्या काठावर पीन धरलेली राहील, मागं हलायला जागा. स्प्रिंग चेहऱ्याला आपोआप टेकवेल.

मी : म्हणजे मुद्दाम ढिलं करायचं?

मामा : जिथं ढिलं पाहिजे तिथं ढिलं, जिथं घट्ट पाहिजे तिथं घट्ट. ड्रॉइंगवर तू सगळीकडं एकच कडकपणा लिहिलास. घरात पण सगळ्यांशी सारखाच कडक वागतोस का?

बोअरला एका टोकाकडं किंचित निमुळतेपणा होता. रीमरला शेवटी दाब कमी पडला असावा. मामांनी लाकडी काठीला चिंधी गुंडाळली, तिला दात घासायची पांढरी पावडर आणि तेल लावलं. मी एमरी पेस्ट पुढं केली तर हात झटकला. एमरी मऊ पितळेत रुतून बसते आणि मग पिस्टनलाच कातत राहते, म्हणाले. दहा मिनिटांनी पिस्टन आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरायला लागला. भोक बंद केलं की मध्येच थांबायचा, सोडलं की उतरायचा. मी पिशवीतून लहान भोकाचं गेज आणि डिजिटल मायक्रोमीटर काढला, बोअर तीन ठिकाणी मोजला आणि वहीत लिहिला : १०.०१२. मामांनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांनी डॉट पंच घेतला, हलक्या हातोडीनं पिस्टनच्या माथ्यावर एक ठिपका मारला आणि सिलिंडरच्या काठावर तसाच दुसरा.

मामा : आता ही जोडी. दोन इंजिनं उघडून ठेवली तरी कुणाचा पिस्टन कुणाचा ते कळतं. अदलाबदल केलीस की भांडणं लागली म्हणून समज.

मी : आणि हा पिस्टन झिजला तर?

मामा : झिजेलच. पितळेत पितळ घातलंस, सख्खे भाऊ. सख्खे भाऊ जास्त घासतात. पुढचा स्टेनलेसचा कर. आणि वाफेवर चालवायचं म्हणशील तर बॉयलरला लागणारे भाग पितळेचे नको. गरम पाणी पितळेतलं जस्त खाऊन टाकतं, वरून भाग शाबूत दिसतो आणि आतून भुसभुशीत झालेला असतो. तिथं गनमेटलच. आत्ता हवेवर बघू.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसर होता. त्यानं नळी बारीक करून दिली, झडप जराशी उघडली. मामांनी फ्लायव्हीलला बोटानं टिचकी दिली. एकदा अडलं, दुसऱ्यांदा अडलं, तिसऱ्या वेळी सिलिंडर डोलायला लागला. आवाज शिलाई मशीनसारखा. ट्यूब घेऊन आलेली दोन पोरं बाजूला उभी राहिली. पंक्चरवाल्यानं विचारलं, हे कशाला लागतं. मामा म्हणाले, पोळ्याला.

इंजिन त्यांनी ठेवून घेतलं. नातवाला दाखवायचं होतं, असं कारण सांगितलं.

मी नांदेडला वहीतला आकडा घेऊन परतलो. मे महिना, जिन्याखाली बेचाळीस अंश. स्टेनलेसचा दांडा पकडला आणि ठरवलं, सिलिंडर समोर नसताना पिस्टन करायचा. बोअर १०.०१२, मोकळीक सतरा मायक्रॉन धरली, म्हणजे पिस्टन ९.९९५. कातलेला तुकडा हाताला चटका बसण्याइतका गरम होता. चाळीस अंशांच्या फरकानं दहा मि.मी.चं स्टेनलेस सात मायक्रॉन फुगतं, म्हणजे माझ्या मोकळिकीतला जवळपास निम्मा भाग. म्हणून प्रत्येक कट घेतल्यानंतर तुकडा माठाशेजारच्या ओल्या फडक्यावर ठेवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मग मोजायचं. सगळे व्यास एकाच पकडीत पुरे केले. तीन जबड्यांचा चक सोडून पुन्हा पकडला की जॉब मध्यावर येईलच याचा भरवसा नसतो. चकाला मिनिटाला दीड हजार फेरे द्यायची पितळेची सवय इथं मोडावी लागली. स्टेनलेसला निम्म्याहून कमी. शेवटचे काही मायक्रॉन तेलकट पेपरनं. सकाळी उठून थंड असताना पुन्हा मोजला. ९.९९५.

पुढच्या आठवड्यात लातूरला जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर काडेपेटीत घालून पिस्टन पाठवला. रात्री फोन आला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. फक्त मामा नाकानं श्वास घेतात तो आवाज, आणि मागं नातवाचा.

मामा : बसला.

मी : काही घासावं नाही ना लागलं?

मामा : काही नाही. तेल लावलं आणि बसला. वजनानं उतरतो.

मी : मग झालं तर. आकड्यानं केला होता, बरं का.

मामा : आकडा कुणाचा? कागदावरचा होता का? माझ्या ओसरीवर त्याच बोअरमधनं काढलेला होता.

मी : पण पिस्टन करताना सिलिंडर एकशेचाळीस किलोमीटर लांब होता.

पुन्हा थोडा वेळ गेला. डॉट पंच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मामा : बरं, एवढं सांग. सिलिंडरवर एक ठिपका आहेच. ह्या नव्यावर ठिपका मारू की नको?